घासलेली कड

खिडकीत जपानी काचेची घंटा टांगली आहे. लेकीने तिकडून आणलेली, तोंडाने फुंकून केलेली, आतून दोन लाल मासे रंगवलेले. तिची खालची कड खरखरीत होती. कुणाचा हात कापायला नको म्हणून ह्यांनी ती पॉलिश पेपरने तासभर घासून गुळगुळीत केली.

लेक म्हणाली, "बाबा, ती कड कारागीर मुद्दाम तशी ठेवतात. आवाज तिच्यामुळेच येतो."

हे ओशाळून हसले होते.

त्यांना जाऊन आता वर्ष होईल. भेटायला येणारे म्हणतात, "छान सावरलात हो, वहिनी." मी मान हलवते, चहा टाकते. आत कुठेच काही खरखरत नाही. वाऱ्याने घंटेखाली लोंबणारी कागदी पट्टी फडफडते, तिच्या ओढीने आतली काचेची नळी कडेवर आपटते. नुसतं टक् होतं.