आधी ओटी, मग वाडी

पुराचे किस्से जमवावे लागत नाहीत. दर पावसाळ्यात दोन-तीन आपण होऊन येतात. आमच्या गावात तर एकच पूर चार जणांनी सांगितला की चार पूर होतात. मी पाचवा! तेव्हा थोडं कमी-जास्त धरून चाला.

गाव मावळातलं, इंद्रायणीच्या अगदी काठावरचं. सकाळी लोणावळ्याला कोसळलं की दुपारी ते पाणी आमच्या मारुतीच्या पायरीपाशी हजर. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधी काही वर्षं मी तिथे शाळामास्तर होतो. पुण्याहून आलेला, पोहता न येणारा.

गावाची पद्धत ठरलेली होती. पाणी पायरीला लागलं की ढोल वाजे. गुरांची दावी सोडायची, पोरंबाळं आणि धान्य घेऊन डोंगरावरच्या ठाकरवाडीत चढायचं. फक्त पाटलाच्या घरानं शेवटी निघायचं, आणि तेही नदीची ओटी भरून झाल्यावर. नदी म्हणजे गावची लेक. माहेरी आलेली लेक ओटी भरून सासरी लावतात, तशी तिला लावायची. ओटी भरायची ती पाटलाच्या घरातल्या सवाष्णीनंच. आमच्या आबा पाटलांच्या घरात दोघंच, ते आणि पाटलीणबाई. मूलबाळ नव्हतं. ओटी भरल्याशिवाय आबा गावातून पाऊल काढत नसत, मग कुणी काही म्हणो!

माझा पहिला पूर. ढोल वाजला, गाव रिकामं झालं. मी मात्र आबांच्या ओसरीवर अडकलो, कारण एकट्यानं डोंगर चढायची मला भीती वाटत होती. पाणी समोर मारुतीच्या पायऱ्या चढत होतं आणि पाटलीणबाई आत पेटीतून चांगला खण शोधत होत्या.

‘‘कुठलाही द्या ना!’’ मी ओरडलो.

‘‘कुटलाबी कसा? आपल्याच लेकीला जुना खण देऊ व्हय?’’

शेवटी त्या सूप घेऊन आल्या. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सगळं साग्रसंगीत. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्यांनी ओटी भरली आणि म्हणाल्या, ‘‘आता जा बाई सावकाश. वाटंत लोकांची पोरंबाळं हायती, जपून जा.’’

मी पाण्याकडे बघत होतो. ते उतरायच्या ऐवजी आणखी एक पायरी चढलं!

‘‘आबा, पाणी वाढतंय!’’

आबा शांतपणे पटका बांधत होते. म्हणाले, ‘‘मास्तर, तुमची बहीन ओटी भरल्या भरल्या उठती व्हय? दारात उभी ऱ्हाऊन घटकाभर बोलती का न्हाई?’’

*

आमचा नावाडी धोंडू. वर्षभर त्याच्या होडीत कोंबड्या बसत, पुराच्या दिवशी मात्र तो गावाचा राजा. पलीकडच्या वस्तीतली माणसं तो ओढ्यावरून आणायचा. त्याची एकच अट होती, ‘‘माणूस आना, जड सामान नगं.’’

एका वर्षी बापू नावाचा एक शेतकरी बायकामुलांसकट आला, आणि खांद्यावर घराचं दार! भिंतीतून उपसून, चौकटीसकट उचलून आणलेलं.

धोंडू खवळला. ‘‘अरं, दार आनलंस, घर कुटं हाय?’’

‘‘घर मातीचं हाय, पुन्ना बांधू. दार सागवानी हाय!’’

दोन फेऱ्यांत दार आलं. वाडीत जागा कमी पडली तेव्हा बापूनं ते दार एका आंब्याला टेकवून उभं केलं आणि त्याच्या आडोशाला संसार मांडला. भिंती नाहीत, छप्पर म्हणजे घोंगडी, पण दार पक्कं.

वाडीतली ठमाबाई म्हणजे तिथल्या ठाकरांची म्हातारी. वाडीत तिचाच शब्द चालायचा. नवऱ्याला जाऊन कैक वर्षं झालेली. पाटील असो वा मामलेदार, सगळ्यांना ती अरे-तुरेच करायची. ती पोरांसाठी पेज घेऊन बापूकडे गेली. आता चहूबाजूंनी मोकळंच होतं, कुठूनही जाता आलं असतं. पण म्हातारी दारासमोर उभी राहिली आणि कडी वाजवली.

आतून, म्हणजे आंब्याखालून, बापूचा आवाज आला, ‘‘थांबा, उगडतो!’’

*

ठाकरवाडीत आबांची मोठी अडचण व्हायची ती जेवणाची. खालच्या गावातले ठाकरांच्या हातचं खात नसत, आणि आबा तर पाटील. घरचे तांदूळ आणि घरचं पातेलं ते वर घेऊन जात.

एकदा काड्यापेटी भिजली. ठमाबाईच्या चुलीतला निखारा आणला. निखाऱ्याला काही होत नाही, असं आबांनी जाहीर केलं. मग मीठ विसरल्याचं लक्षात आलं. मीठही चालतं म्हणाले. मग लाकडं ओली निघाली. लाकडं तर डोंगराचीच, त्यात काय! मग ठमाबाईनं वाळलेल्या मिरचीची चटणी पुढं केली. कोरडी आहे, चालेल.

ठमाबाई पातेल्याजवळ फतकल मारून बसली होती. म्हणाली, ‘‘आबा, तांदूळ तुजं, इस्तू माजा, मीट माजं, लाकडं माजी. आता भात शिजला की कुनाचा म्हनायचा?’’

आबा विचारात पडले. शेवटी म्हणाले, ‘‘पाटलीनबाईला इचारा. त्यातलं तिला कळतं.’’

विचारायला गेलो तर पाटलीणबाई ठमाबाईच्या सुनेशेजारी बसून नाचणीची दुसरी भाकरी खात होत्या!

*

सरकारचंही आमच्याकडे लक्ष होतं बरं का. एका वर्षी वरून हुकूम आला की घाटात फार पाऊस झाला तर नदीकाठच्या गावांना स्टेशनवरून वर्दी द्यायची. पाऊस झाला. स्टेशनात तार आली. स्टेशनमास्तरांनी एक प्यून ताबडतोब आमच्याकडे पाठवला. मध्ये ओढा. ओढ्याला पूर. प्यून प्रामाणिक. तो अलीकडच्या देवळात ओढा उतरेपर्यंत मुक्काम करून राहिला.

तो गावात पोचला तेव्हा आम्ही घरातला गाळ काढत होतो. आबा कमरेपर्यंत चिखलात. प्यूननं टोपी सारखी केली, सलाम केला आणि वर्दी दिली, ‘‘पाटील, मोठा पूर येणार आहे. सावध राहा.’’

गावातलं कुणीही हसलं नाही. आबांनी हातातलं घमेलं खाली ठेवलं, त्याला चहा द्यायला सांगितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, ‘‘हा जो येऊन गेला तो, का अजून एक हाय?’’

*

माझ्या शाळेवर नवे पत्रे बसले त्याच वर्षी वादळ झालं. शाळा सुटल्यावर झालं म्हणून मी हे सांगायला शिल्लक आहे. पत्रे असे उडाले की एकही गावात पडला नाही. सगळे नदीच्या खालच्या अंगाला, शेजारच्या गावच्या शिवारात! चौकशी केली तेव्हा कळलं की त्यांनी ते गोठ्यावर टाकलेसुद्धा.

आबा आणि मी मागायला गेलो. तिथले पाटील म्हणाले, ‘‘आमच्या शेतात पडलं ते आमचं. आमी बोलवाय गेलतो व्हय?’’

आबा म्हणाले, ‘‘असं? वरनं पानी आलं, तुमचा भात झोपला, की ‘तुमच्या गावच्या पान्यानं घात केला’ म्हनून तंडाय येता. आन् वरनं पत्रा आला की तो तुमचा?’’

अर्धे पत्रे परत मिळाले. अर्ध्या शाळेवर छप्पर आलं. पाऊस असला की चारही इयत्ता त्याच अर्ध्यात बसायच्या, आणि खरं सांगायचं तर शिकवायला ते सोयीचंच पडलं!

*

याच शेजारच्या गावात आबांची बहीण दिली होती. पाटलीणबाईंचं आणि या नणंदेचं फारसं सख्य नव्हतं. नणंदेचं म्हणणं, वहिनीचा हात आखडता आहे. वहिनीचं म्हणणं, नणंदेचं तोंड मोठं आहे.

एका श्रावणात पाटलीणबाईंनी एक हिरवा रेशीमकाठी खण आणून ठेवला होता, नणंदेसाठीच. द्यावा की न द्यावा, हे अजून ठरत नव्हतं. तेवढ्यात पूर आला. घाईत हाताला तोच लागला, आणि गेला नदीला.

पूर ओसरला, वाटा वाळल्या, नणंद माहेरी भेटायला आली. अंगात हिरवी रेशीमकाठी चोळी! पाटलीणबाई बघतच राहिल्या.

‘‘वन्सं, चोळी नवी दिसती.’’

‘‘नदीनं दिली. आमच्या काठच्या बाभळीला खन अडकला हुता. देवानं घातली म्हना, मानसं कुटं घालत्यात आजकाल!’’

आबांनी हातातली तंबाखू तशीच ठेवली. आता काय होतं, याची सगळ्यांना काळजी. पाटलीणबाई चोळीकडे बघत हसायला लागल्या, त्या थांबेचनात. म्हणाल्या, ‘‘बरं झालं बाई, दोघींचीबी ओटी एकातच भागली!’’

*

पाटलीणबाई एका उन्हाळ्यात गेल्या. दोन दिवसांचा ताप, बस. आबा रडलेबिडले नाहीत. शेत, चावडी, देऊळ, सगळं नेहमीसारखं. आम्हीही नेहमीसारखंच वागलो, कारण दुसरं काय करतात ते आम्हाला माहीत नव्हतं.

त्या वर्षीचा पूर श्रावणात आला आणि जोरात आला. ढोल वाजला, गाव वर गेलं. मी धोंडूच्या होडीत होतो. शेवटची फेरी घेऊन आम्ही मारुतीपाशी आलो तर आबा सर्वांत वरच्या पायरीवर बसलेले. मांडीवर सूप. सुपात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, सगळं मांडलेलं. पाणी पावलांवरून वाहत होतं.

‘‘आबा, बसा होडीत!’’ धोंडू म्हणाला.

‘‘ओटी व्हायची हाय.’’

‘‘कोन भरनार आबा आता?’’

आबांनी सूप आणखी जवळ ओढलं. मी विनवलं, मग रागावलो. वरच्या अंगानं झाडं वाहत येत होती, होडी हाताला ठरत नव्हती. हा माणूस माझ्यादेखत वाहून जाणार, असं मला स्पष्ट दिसत होतं. धोंडूनं त्यांना उचलून होडीत घालायचा प्रयत्न केला, तर आबांनी देवळाच्या खांबाला मिठी मारली, पण सूप सोडलं नाही.

तेवढ्यात देवळाच्या मागच्या चढावरून ठमाबाई काठी टेकत उतरली. वरून तिला सगळं दिसलं असणार. ती आमच्याशी बोलली नाही, आबांशीही नाही. थेट पायरी उतरून पाण्यात उभी राहिली आणि नदीला म्हणाली, ‘‘बाई, तुजी आय न्हाई आता घरात. कोन तुजी ओटी भरनार? तशीच जा माघारी.’’

आबा ताडकन उठले.

‘‘ए म्हातारे! आय न्हाई म्हनून लेकीला रिकामी लावत्यात व्हय? बाप मेला का तिचा?’’

ते तरातरा पायरी उतरले. नारळ सोडला, खण सोडला, तांदळाची ओंजळ सोडली. मग बोट कुंकवात बुडवलं आणि वाकून पाण्याला लावलं. पाण्याला काय कुंकू लागतं! ते लगेच गेलं. आबांनी पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा लावलं. ठमाबाई बाजूला उभी राहून बघत होती. मग आबा रिकामं सूप काखोटीला मारून होडीकडे न येता चढाकडे वळले आणि म्हातारीच्या आधी डोंगर चढायला लागले.

त्यांच्या मागोमाग आम्ही वाडीत पोचलो तेव्हा बायका वाटेवरच उभ्या होत्या. त्यांना एवढंच कळलं होतं की आबा आले, म्हणजे ओटीचं काहीतरी झालं. धोंडूची बायको पुढं झाली. भीत भीत तिनं विचारलं, ‘‘आबा, ओटी भरली का?’’

‘‘भरली.’’

‘‘कुनी भरली?’’

आबांनी सूप झटकून जवळच्या झोपडीच्या भिंतीला टेकवून ठेवलं. म्हणाले, ‘‘आमच्या कारभारनीनं. दुसरं कोन भरनार?’’