मोठ्या बाबूजींचा हँडस्टँड

आमच्या घराण्यातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला मी आणि माझ्या नवऱ्यानं भर कार्यक्रमात उलटं उभं केलं होतं. डोकं खाली, पाय वर, आणि धोतर स्वतःच्या मर्जीनं.

मुद्दाम नाही हो! मुद्दाम कोण करेल? ते माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. सत्तरी ओलांडलेले, नवेगाव बांधकडची सगळी शेती सांभाळणारे. घरात सगळे त्यांना मोठे बाबूजी म्हणायचे आणि ते आले की माझे सासरे आजही खुर्चीतून उठून उभे राहतात. अशा माणसाची तंगडी धरायची, तर त्यासाठी डोकं तरी फिरलेलं पाहिजे, नाहीतर माणूस जिम्नॅस्टिकचा कोच तरी पाहिजे. आम्ही दोघंही कोच होतो.

मी नागपूरची, बीमवर खेळणारी. गजेंद्र गोंदियाचा, पॅरलल बार आणि रिंगवाला. राज्य स्पर्धेत आमची ओळख झाली. दोघांचंही पदक हुकलं होतं, ते दुःख वाटून घेता घेता लग्नापर्यंत गेलो. (त्याचं पदक माझ्यापेक्षा थोडक्यात हुकलं होतं, हे तो अजून पाहुण्यांसमोर सांगतो.) खेळणं संपलं आणि शिकवणं सुरू झालं.

लोकांना वाटतं कोचचं काम शिकवायचं. साफ चूक! कोचचं काम धरायचं. मूल उडी मारतं, मागे वाकतं, हवेत फिरतं; ते पडायच्या आत आपला हात त्याच्या कमरेखाली पोचला पाहिजे. हे अंगात इतकं भिनतं की हात पुढे डोक्याला विचारतच नाहीत. सासूबाई लोणच्याची बरणी काढायला स्टुलावर चढल्या की आम्ही दोघं दोन बाजूंनी धावलोच! "अवो, मी का पडून राहिली का?" असं त्या रोज ओरडायच्या. एका लग्नात नवरी पाया पडायला वाकली, तर गजेंद्रनं तिच्या पोटाखाली हात घातला. नवरीला धक्का बसला, नवरदेवाला जास्त बसला, आणि त्या लग्नात आम्हाला कुणी दुसऱ्यांदा वाढलं नाही.

तर अशा आम्हा दोन रोग्यांची एक जिम होती. जिम म्हणजे काय, घरची राइस मिल बंद पडल्यावर रिकामं झालेलं धानाचं गोदाम. जिथे पोती तोलायचा काटा टांगलेला असायचा तिथे रिंगा टांगल्या. बार सालेकशाच्या एका सुतारानं करून दिले. ("हे का पाळण्याचे दांडे होत का जी?" असं त्यानं शेवटपर्यंत विचारलं.) गाद्यांना पैसे नव्हते म्हणून सासूबाईंनी बारदान्यात तनीस, म्हणजे धानाचा पेंढा, कोंबून गाद्या शिवल्या. उत्तम गाद्या! फक्त एकदा शेजारच्या म्हशीनं शटर उघडं बघून आमची उडी मारून उतरायची गादी खाल्ली. पूर्ण नाही खाल्ली, पण तिच्यावर उडी मारण्याची हिंमत पुन्हा कुणाला झाली नाही.

सगळं होतं, मुली नव्हत्या. घरातल्या दोन पुतण्या आणि गल्लीतली चार पोरं, एवढाच पसारा. आयांकडे गेले की एकच प्रश्न: "मॅडम, पोरीचा हात मोडला तं मंग लगन कोन करन तिच्याशी? तुमी?"

त्यात मोठे बाबूजी. गोदाम दोघा भावांचं, आणि त्यांचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं. एकदा येऊन त्यांनी दारातूनच आत पाहिलं. माझी पुतणी पिंकी रिंगांना उलटी लटकलेली होती. ते सासऱ्यांना म्हणाले, "आपल्या बापानं हे गोदाम धान ठेवाले बांधलं. पोरीयले उलटं टांगाले नाही. नवा धान येऊ दे, तंवरी करा काय करता तं. मंग मले गोदाम खाली पाह्यजे."

नवा धान म्हणजे दिवाळीचा सुमार. मला रडूच कोसळलं. हसण्यावारी नेते आहे आता, पण तेव्हा हसू आलं नव्हतं. नागपूर सोडलं, मैत्रिणी सोडल्या, खेळ सुटला. त्या पेंढ्याच्या वासाच्या गोदामात संध्याकाळी दोन तास उभी राहिले की मला मी सापडायचे. तेही जाणार म्हटल्यावर गजेंद्र म्हणाला, "एक प्रोग्राम ठेवू. आईबाप येतील, पोरं करून दाखवतील. भरती झाली तर मोठे बाबूजी काही म्हणणार नाहीत." आणि सासऱ्यांनी एक पाऊल पुढे जाऊन प्रमुख पाहुणे ठरवून टाकले. कोण? मोठे बाबूजीच!

"बाबूजी, त्यांना कशाला?" मी म्हणाले.

"सूनबाई, हार घातला ना, का माणूस नरम होते."

कार्यक्रमाच्या दिवशी गोदाम भरलं. आया, बाप, आजे, पाळण्यातली पोरं. माईकवर गजेंद्रचा मित्र मुन्ना. मुन्ना म्हणजे लग्नांच्या ऑर्केस्ट्रात बोलणारा माणूस. माईक हातात आला की त्याची मराठी आपोआप हिंदी व्हायची आणि श्वास घेणं बंद व्हायचं. मोठे बाबूजी आले. पांढरं धोतर, बंडी, डोक्याला फेटा, चेहरा असा की हार घालून सासरे दोन पावलं मागे सरकले. माणूस अजिबात नरम झाला नाही.

"पहिले मारुतीले हार घाला," सासरे म्हणाले. मारुतीची तसबीर समोरच्या भिंतीवर, आणि मध्ये आमच्या गाद्या अंथरलेल्या. मोठ्या बाबूजींनी चपला काढल्या, हार हातात घेतला आणि गादीवर चढले. डावीकडे मी, उजवीकडे गजेंद्र, दोघं अदबीनं सोबत चालतोय. पेंढ्याच्या गादीवर चालायची सवय लागते, ती त्यांना नव्हती. दोन गाद्यांच्या फटीत त्यांचा पाय गेला, धोतराचा सोगा दुसऱ्या पायाखाली आला, हार उडाला, आणि मोठे बाबूजी पुढे गेले. दोन्ही हात गादीवर टेकले, एक पाय हवेत उठला.

आता तुम्हीच सांगा. दोन हात जमिनीवर, एक पाय वर, दुसरा उचलला जातोय. कुठल्याही कोचला विचारा हे काय आहे. हा हँडस्टँडचा सुरुवातीचा क्षण आहे!

माझ्या हातानं डावा पाय धरला. गजेंद्रच्या हातानं उजवा. आणि दोघांनी मिळून, वर्षानुवर्षांच्या सरावानं, एका झोकात, मोठे बाबूजी वर!

"कंबर सरळ! पोट आत!" मी ओरडले. "पंजे ताणा, पंजे!"

'ताणा' म्हणाले, 'ताण' नाही, हे लक्षात घ्या. संस्कार सुटले नव्हते.

मग धोतर खाली आलं. गोदामात सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. पण पडली सुई नाही. पडली बंडीच्या खिशातली चुन्याची डबी, मग अडकित्ता, मग सुपारी, मग चष्मा. सगळ्या गोंदियाला निळ्या पट्ट्यांची चड्डी दिसली. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यापर्यंत बातमी पोचली, की माझ्या हातात हा कुणाचा पाय आहे.

"गजेंद्र," मी ओठ न हलवता पुटपुटले, "हे मोठे बाबूजी आहेत!"

"माहीत आहे! सोडू का?"

"सोडू नको! मान मोडेल!"

"मग काय करू?"

"धरून ठेव!"

"किती वेळ?"

हा खरा प्रश्न होता. हँडस्टँडमधून उतरायच्या आम्ही शिकवतो त्या रीती दोन: एक, पुढे कोलांटी, दोन, पाठीमागे वाकून पूल. दोन्ही इथे चालण्यासारख्या नव्हत्या. खालून आवाज आला, दबका पण स्पष्ट:

"अबे गज्या! मले का टांगून ठेवतं का? उतरव मले!"

आणि नेमका मुन्नाला श्वास सापडला. त्याला वाटलं, हा आमचा सरप्राइज आयटम!

"देखिए, देखिए, मेहरबान कदरदान! उमर सत्तर के पार और जोश देखिए! ये है असली गोंदिया का चावल! जोरदार तालियाँ हो जाएँ!"

टाळ्या! अहो, टाळ्या म्हणजे पत्रे हादरले! पोरं शिट्ट्या मारताहेत, मागच्या रांगेतले म्हातारे उभे राहून बघताहेत, एक बाई शेजारणीला सांगतेय, "पाहा व, बुढ्याचे पाय कसे सरळ हायेत!" सासरे तेवढे खुर्चीत डोळे मिटून बसलेले. सासूबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या की रडत होत्या, ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

आम्ही एकेक पाय हळूहळू, काचेची बरणी उतरवावी तसा, खाली आणला. मोठे बाबूजी उभे राहिले. चेहरा लालबुंद, फेटा गादीवर, केस उभे. मी धोतर गोळा करून त्यांच्या हातात दिलं. आता हे काय बोलतील, काय करतील, गोदामाला उद्या कुलूप की आजच, एवढंच माझ्या मनात चाललेलं. टाळ्या थांबल्या. तेवढ्यात रांगेत उभी असलेली पिंकी त्यांच्याकडे सरकली आणि कानात सांगावं तसं म्हणाली (पण सगळ्यांनी ऐकलं):

"आबाजी, उतरल्यावर हात वर करा ना! नाही तं मार्क कापतेत!"

मोठ्या बाबूजींनी तिच्याकडे पाहिलं. समोरच्या गर्दीकडे पाहिलं. आणि एका हातानं धोतर घट्ट धरून दुसरा हात वर केला.

त्यानंतर पोरांनी काय काय करून दाखवलं, मला काही आठवत नाही. मोठे बाबूजी बाहेर निंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले आणि बोलायच्या आधीच रडायला लागले. "मोठे बाबूजी, चुकलं आमचं. हातानं झालं. उद्या सामान काढून घेतो आम्ही."

"काऊन रडून राहिली व?" ते पाणी पिऊन म्हणाले. "मी पडून राहिलो होतो ना?"

"हो."

"पडलो का?"

"नाही."

"मंग?" त्यांनी तांब्या परत दिला. "मागच्या पावसाळ्यात धानाच्या बांधीत घसरलो मी. सोबत घरचे सात जन होते. सात जनायनं पाह्यलं, एकानं हात देल्ला नाही. महिनाभर खाटेवर होतो." धोतराचा सोगा सावरत म्हणाले, "आज डोस्कं फुटलं असतं माहं. तुमी दोघायनं धरलं. उलटं धरलं, पन धरलं ना! पोरीयले अशा लोकायच्या हवाली कराले का हरकत आहे?"

"आणि धान?"

"धान कोठीबी राहते. पन तुह्या नवऱ्याले सांग, पुढच्या खेपेले पहिले इचारजो."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी दोन्ही पाय झटकन खुर्चीवर ओढून घेतले. "दुरूनच! दुरूनच कर नमस्कार!"

सोमवारी शटर उघडायला गेले तर बाहेर रांग! खरी, रस्त्यापर्यंत गेलेली रांग! माझे डोळे भरून आले. सगळ्यांत पुढे दोन वेण्यांची एक चिमुरडी, आजोबांचं बोट धरून. मी तिच्यासमोर बसले.

"नाव काय बेटा?"

"परी."

"जिम्नॅस्टिक शिकायचं?"

"नाही. मी आबाजीले सोडाले आली."

आबाजींनी घसा खाकरला. "मॅडम, त्या दिवशी त्या बुढ्यानं जे करून दाखवलं, ते माह्याच्यानं होईन का?"

मी रांगेकडे नीट पाहिलं. टोप्या, काठ्या, धोतरं! राज्य स्पर्धा खेळलेली बाई मी, देशाला मुली तयार करून देणार होते, आणि माझ्या दारात गावातले सगळे आजोबा मोफत दाखवलेल्या हँडस्टँडसाठी उभे होते! क्षणभर शटर पाडून टाकावंसं वाटलं. मग डोकं चाललं. मी तिथेच नियम केला: एका आबाजीमागे एक नात. नात नाही, तर भरती नाही!

आठवड्यात गोदाम मुलींनी भरलं. ज्या आया हात मोडेल म्हणत होत्या, त्यांचं घरात आजोबांपुढे काही चाललं नाही. त्या परीनं पुढे राज्य स्पर्धेतून पदक आणलं, तेच, जे आम्हा दोघांचं हुकलं होतं. ते बघताना मी आणि गजेंद्र हमसून रडलो. (तो माझ्यापेक्षा थोडा जास्त.)

आजोबांची सकाळची बॅचही अजून चालू आहे. उलटं कुणाला करत नाही. वाकायचं, ताणायचं, तोल सांभाळून चालायचं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, शेजारचा घसरला तर त्याला कसं धरायचं. हे मी त्यांना जीव तोडून शिकवलं आहे. आजवर त्या बॅचमधलं कुणीही पडलेलं नाही.

पडले ती मी. "तोल असा सांभाळायचा, आबाजी, बघा," असं म्हणत बीमवर चालून दाखवताना, अख्ख्या बॅचच्या मधोमध, पालथी. चहूबाजूंनी माझे तयार केलेले विद्यार्थी उभे होते. एकाचाही हात पुढे आला नाही. परीच्या आबाजींनी फक्त चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, बढिया! पन घाईत झालं. एकडाव हळू करून दाखवा, मंग आमी करतो."