कुलूपकाकांचा फौजदार

कुलूपकाकांचा विश्वास असलाच तर फक्त पितळेवर होता. दुसऱ्यांच्या किल्ल्या घासता घासता त्यांची खात्री पटली होती, की माणूस दार लावतो ते आत काहीतरी दडवायला आणि ठोठावतो ते बाहेर काहीतरी न्यायला. गिऱ्हाईक आलं की ते किल्लीआधी त्याचे डोळे बघत. दुधाची पिशवी जरा ओली लागली, तरी "कुणीतरी सुई टोचलीय" म्हणून उजेडात धरत.

गल्लीतल्या अर्ध्या घरांच्या जादा किल्ल्या त्यांच्या दुकानात टांगलेल्या. म्हणून त्यांनी कुत्रा पाळला आणि नाव ठेवलं फौजदार. अंगाने वासराएवढा, पण काळीज चिमणीचं. झाडूला घाबरे, शिंकेला घाबरे. ही गोष्ट काकांनी बाहेर फुटू दिली नाही. उलट काय रंगवून सांगत! आवाज खाली आणून, कानस हवेत धरून, "दोन चोर होते. एकाची पोटरी गेली, दुसऱ्याची पँट." मग लांबलचक शांतता. आणि अगदी हळू, "पँट अजून आहे माझ्याकडे." ऐकणारा पायरीवरून मागे सरके. ज्या दिवशी हा प्रवेश रंगे, त्या दिवशी काका दोन घास जास्त जेवत.

कुत्र्याचा विमा मात्र काकूंनी हट्टाने काढायला लावला. त्याच्यामुळे कुणाला इजा झाली, तर भरपाई कंपनी देणार. तिथे काकांनी खरं तेच सांगितलं, "अगदी गरीब आहे हो."

एका दुपारी काकांचा दुकानात डोळा लागला होता. तेवढ्यात फौजदार सुसाट रस्त्यापलीकडे गेला आणि समोरची शिवणताई त्याच्यासकट स्वतःच्या पायरीवरून कोसळली. उजवं मनगट मोडलं. शिवणाचं मशीन बंद राहिलं.

"मोडलंबिडलं काही नसेल," काका घरी म्हणाले. "प्लास्टर काय, कुणीही घालून देतं."

"अहो, मी होते तिच्याबरोबर दवाखान्यात!"

"एक्स-रेवर नाव तिचंच होतं? बघितलंस?"

काकूंनी उत्तरादाखल पातेलं आपटलं.

मग विमा कंपनीचा तपासनीस आला. तोही काकांच्याच पठडीतला निघाला. आधी गल्लीभर फिरला, मग दुकानात शिरला.

"काका, तुमचा कुत्रा दोन चोरांना चावलाय म्हणे. सगळे सांगतात. आम्हाला तर गरीब म्हणाला होतात. माहिती लपवली असेल, तर कंपनी हात वर करेल. ताईंचं औषधपाणी, बुडालेली कमाई, सगळं तुमच्या डोक्यावर. दुकान राहील का, सांगता येत नाही."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "चोर नव्हतेच हो! मी बनवलेले."

"आत्ता बनवताय, की तेव्हा बनवलेत?"

"तेव्हा!"

"आणि पँट?"

"माझीच. खिळ्याला अडकून फाटलेली."

तपासनीस हसला नाही. गिऱ्हाइकांवर काका जी नजर रोखत, तीच आज त्यांच्यावर रोखलेली होती. "आज सोयीचं आहे म्हणून सांगताय. चला, ताईंना विचारू."

रस्ता ओलांडताना काकांच्या मनात नको नको ते आलं. माझ्या दुकानाच्या जागेवर हिचा डोळा असणार. 'अंगावर धावून आला' एवढं म्हणाली, की संपलं.

शिवणताई डाव्या हाताने सुईत दोरा ओवू बघत होती. दोरा पुन्हा पुन्हा निसटत होता. प्लास्टरबाहेरची बोटं वांग्यासारखी सुजली होती. काकांनी नजर वळवली.

"कुत्रा अंगावर आला?" तपासनीसाने विचारलं.

"अंगावर? लपायला आला! कुणीतरी फटकन छत्री उघडली. हा घाबरून माझ्या पायांत शिरला आणि मी आडवी."

"घाबरट आहे, हे तुम्हाला काय ठाऊक?"

"ह्या भाऊंचा दुकानात डोळा लागला की रोज माझ्या मशीनखाली येऊन झोपतो. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"मग सगळे मला चोरांची गोष्ट का सांगत होते?"

"तुम्ही पडलात परके. इतक्या हौसेने सांगतात भाऊ. त्यांच्या माघारी आम्ही कशी बिघडवायची?"

"असं सांगा, म्हणून यांनी शिकवलंय?"

"यांनी? हे तर माझं प्लास्टरही खोटं समजतात! वहिनी म्हणाल्या."

शेजारचा इस्त्रीवाला खिडकीतून ओरडला, "साहेब, माझ्या इस्त्रीची वाफ निघाली तरी पळतो तो!"

तपासनीसाने प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "दार उघडं ठेवलं, ही मालकाची चूक. पण लपवाछपवी नाही. कंपनी भरपाई देईल," म्हणाला आणि निघून गेला.

काका तिथेच उभे. आजवर पायरीवरून मागे सरकलेला एकेक चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून गेला. म्हणजे सगळे आपल्यासाठी सरकत होते!

त्यांनी ताईच्या हातातून सुई घेतली आणि चष्मा वर सरकवून विचारलं, "ताई, खरं सांगा. माझ्याबद्दल ह्या गल्लीला आणखी काय काय माहीत आहे?"

"आधी दोरा ओवा, भाऊ," ती म्हणाली. "मग बसा निवांत."