खडूच्या रेघेवरून

माझी भाची घरात ‘मोजपट्टी’ या नावाने ओळखली जाते. सहा वर्षांची असताना तिने आजीच्या खोलीचं दार मोजलं आणि जाहीर केलं की या दारातून आजी जाऊ शकते, कपाट जाऊ शकत नाही. कपाट तेव्हा दारात अडकलेलं होतं, आजी आत होती आणि बाहेर आम्ही चौघे घाम पुसत उभे होतो. पण निष्कर्ष बरोबर होता, हे मान्य करावं लागलं.

पुढे तिने पदवीला नगररचना आणि पर्यावरण हा विषय घेतला. तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “हे शिकून ही करणार काय?”

“शहर आखेल,” मी म्हटलं.

“ते तर आखून झालंय.” मग खिडकीतून बराच वेळ रस्त्याकडे बघून म्हणाले, “नसेलही.”

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने आमच्याच बाजाराचा रस्ता निवडला. पालिकेला तिथला फुटपाथ निम्मा कापून मोटारी उभ्या करायला जागा काढायची होती. नियम एकच आडवा येत होता: तासाला तीनशे माणसं चालत असतील, तर फुटपाथ कापता येत नाही. मोजायला पालिकेकडे माणूस नव्हता, म्हणून त्यांनी कॉलेजला पत्र पाठवलं, आणि कॉलेजने मोजपट्टीला पाठवलं. आकडा बरोबर आला तर फुटपाथ आणि पदवी दोन्ही पदरात. मोजणीत लबाडी आढळली तर प्रकल्प रद्द आणि वर्ष वाया.

तिच्या सरांची मोजायची एक पद्धत होती. फुटपाथवर खडूने रेघ मारायची, वर कुठेतरी बसायचं आणि रेघेवर पाऊल पडलं की हातातलं बटण दाबायचं. चेहऱ्याकडे अजिबात बघायचं नाही. चेहरा दिसला की ओळख निघते, ओळख निघाली की गप्पा होतात आणि गप्पांत आकडा बुडतो. मोजपट्टीने ही पद्धत अक्षरशः पाळली. पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याने आपली खिडकी दिली, आणि तीन दिवस, सकाळी दहा ते अकरा, तिने रेघेवरची नजर हलवली नाही.

सरासरी आली तीनशे अठरा. शिवाय तिने बारीक निरीक्षणंही टिपली होती. ‘काठी घेऊन चालणाऱ्या वृद्धांचा वापर लक्षणीय.’ ‘भाजीची पिशवी घेतलेल्या महिला वारंवार.’ आणि पर्यावरणाच्या रकान्यात: ‘सकाळीच छत्र्या उघडलेल्या दिसतात, रस्त्यावर सावलीची तीव्र गरज.’

अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी सकाळी चहा पिताना मेहुण्यांनी आकडा विचारला. तिने सांगितला.

“म्हणजे कामी आलो आपण,” ते माझ्या ताईला म्हणाले आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

मोजपट्टीने कप खाली ठेवला. “आपण म्हणजे कोण, बाबा?”

“मी रोज सोळा फेऱ्या मारल्या. तीन टोप्या बदलून, एकसारखं वाटायला नको म्हणून.”

“माझ्या सहा,” ताई म्हणाली. “पिशवी रिकामीच होती, पण फुगवून धरली.”

“माझ्या चारच,” आजी म्हणाली. “गुडघ्यांमुळे. नाहीतर दहा केल्या असत्या.”

मोजपट्टी माझ्याकडे वळली. मी छत्री कोपऱ्यात सरकवली. “सात,” मी म्हणालो.

तिने बोटांवर बेरीज सुरू केली; या वेळी बटण हाताशी नव्हतं.

“तेहतीस,” ती शेवटी म्हणाली. “तीनशे अठरा वजा तेहतीस, दोनशे पंच्याऐंशी. फुटपाथ कापणार.”

“सांगूच नकोस ना,” मेहुणे म्हणाले. “पायांना कुठे नाव लिहिलेलं असतं.”

“मला माहीत आहेत आता ते पाय, बाबा.”

“आम्ही खरंच चाललो, बाळ. खोटं एक पाऊल नाही टाकलं.”

“कुणाला काही काम होतं तिकडे?”

मेहुण्यांचं बिस्किट तेवढ्यात तुटून कपात पडलं.

ती दप्तर उचलून सरांना सगळं सांगायला निघाली. तेव्हा आजी, काही तोडगा काढावा म्हणून नव्हे, तर निव्वळ तक्रार म्हणून बोलली.

“एवढं वर-खाली केलं मी, आणि मोजणीतून नावच गेलं.”

“वर-खाली कशाला? फुटपाथ सपाट आहे.”

“सपाट कसला. मध्ये ती विजेची पेटी नाही का बसवलीय, मांजरसुद्धा अंग चोरून जाईल. पेटीपाशी रस्त्यावर उतरायचं, आणि पुढे तुझी रेघ, म्हणून लगेच परत चढायचं. चार वेळा उतरले, चार वेळा चढले.”

“बाकीचे कसे जातात?”

“बाकीचे उतरतात ते थेट औषधाच्या दुकानापर्यंत रस्त्यानेच जातात. त्यांना काय तुझ्या रेघेचं पडलंय. रेघेसाठी चढणारे आम्हीच.”

“खरंय,” ताई म्हणाली. “मागून गाड्या भोंगे वाजवतात ते वेगळंच.”

मोजपट्टी दप्तरासकट खाली बसली. तीन दिवस रेघेकडे बघत राहिल्यामुळे रेघेच्या दोन हात पलीकडून चाललेली माणसं तिला दिसलीच नव्हती.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. पुन्हा तीन दिवस मोजायला परवानगी दिली आणि उशिराबद्दल शंभरातले दहा गुण कापले. या वेळी रेघ फुटपाथवरून खाली रस्त्यावर वाढवली होती. गाड्या ती पुसत, मोजपट्टी रोज पुन्हा मारी. दहा ते अकरा आम्हा चौघांना घराबाहेर पडायची बंदी होती. दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी दाढीचं ब्लेड आणायला जाण्याची लेखी परवानगी मागितली. ती विरुद्ध दिशेच्या दुकानापुरती मिळाली.

फुटपाथवर सरासरी दोनशे एक्क्याऐंशी माणसं आली. पेटीला वळसा घालून रस्त्यावरून शहाण्णव. एकूण तीनशे सत्याहत्तर, आणि त्यांत आमचं कुणीही नाही.

अहवालात तिने पहिली मोजणीही लपवली नाही. शेवटी एक तक्ता जोडला: ‘वगळलेले पादचारी’. वडील सोळा, आई सहा, मामा सात, आजी चार. कारणाच्या रकान्यात चारही ठिकाणी ‘कुटुंबीय’. सरांनी तिथे लाल पेनने लिहिलं होतं: ‘आजींचे गुडघे आता कसे आहेत?’

तिला एकसष्ट गुण पडले. दहा कापले नसते तर एकाहत्तर, हे मेहुणे भेटेल त्याला सांगतात, आणि ते कुणामुळे कापले हे सांगत नाहीत. पालिकेने फुटपाथ कापायचं रद्द केलं. पेटी मात्र होती तिथेच आहे, तिच्याबद्दल कॉलेजला पत्र आलेलं नाही.

आजी हल्ली औषधं आणायला त्याच वाटेने जाते. पेटीपाशी उतरते, आणि रेघ कधीच पुसून गेली असली तरी बरोबर तिथेच परत चढते. मग मान वर करून शिंप्याच्या खिडकीकडे बघते.

“मोजणीत घेतलंस का रे?”

“घेतलं, आजी,” शिंपी मशीनवरून मान न उचलता म्हणतो.