उतरवून घेणारे बेटकर

जेवता जेवता ते मध्येच उठत, हात रुमालाला पुसत आणि म्हणत, "जहाज लागतंय, वहिनी. निघतो."

जर्मनीतल्या आमच्या एर्लांगेनला समुद्र नाही, हे वाचकांना सांगायला नको. त्यांचे जहाज म्हणजे न्यूरेंबर्गहून येणारी रेगिओ ही लोकल गाडी. तिच्यातून पुण्याचा किंवा नागपूरचा एखादा नवा विद्यार्थी उतरणार असला की हे गृहस्थ फलाटावर हजर असत. विद्यार्थ्याशी त्यांची ओळख नसे. आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी 'उद्या पोहोचतोय' एवढे लिहिलेले असे, आणि तेवढे त्यांना पुरे होई.

वैद्यकीय यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत ते यंत्रांच्या चाचण्या घेत आणि मी त्याच यंत्रांच्या सूचनापुस्तिका लिहीत असे. त्यांचे आडनाव साधे, साताऱ्याकडचे होते; परंतु माझ्या यजमानांनी पहिल्याच भेटीत त्यांना 'बेटकर' म्हटले आणि तेच रूढ झाले. त्याचे कारण असे.

दोन मराठी माणसे भेटली की तिसरे वाक्य 'गाव कुठलं?' हे असते. कँटीनमध्ये किंवा आमच्याकडे जेवताना हा प्रश्न आला की बेटकर कागदी रुमाल उलगडून त्यावर भारत काढत, कन्याकुमारीशी पेन थांबवत, आणि मग मिठाची बाटली उचलून रुमालाच्या बाहेर, थेट टेबलाच्या कडेला ठेवत.

"इथे," ते म्हणत. "निकोबारचं शेवटचं बेट. पुढे सुमात्रा."

"हो, पण मूळ गाव?"

"मूळ तेच."

"अहो बेटकर," माझे यजमान म्हणत, "तुमच्या गावाला जायचं म्हणजे टेबल बदलावं लागतं." यावर सर्वांत मोठ्याने तेच हसत.

येथे थोडी माहिती देणे आवश्यक आहे. सैन्यातून निवृत्त झालेल्या काही जवानांना सरकारने त्या बेटावर जमिनी देऊन वसवले. त्यांत मराठी होते, पंजाबी होते, दक्षिणेकडचेही होते. बेटकरांचे वडील हवालदार. या मंडळींनी जंगल साफ केले, नारळ लावले, गाव उभे केले. बेट मोठे आणि माणसे तुरळक. त्यामुळे बेटकरांच्या मराठीत सातारी ठसका, फौजी हिंदी आणि शेजारच्या पंजाबी चाचींचे 'जी' हे सारे सुखाने नांदत असे. जर्मनीत त्यात 'गेनाऊ'ची, म्हणजे 'अगदी बरोबर'ची, भर पडली.

त्या गावाची एक रीत होती. जहाज लागले की सारे गाव धक्क्यावर जायचे, स्वतःचे कोणी येणार असो वा नसो. उतरणारा ज्याच्या समोर उतरेल, त्याने त्याची पिशवी हातात घ्यायची आणि त्याला घरी न्यायचे. आधी अंघोळ, मग जेवण. 'कुणाकडे आलात?' हा प्रश्न जेवण झाल्यावरच विचारायचा.

"आधी का नाही?" मी एकदा विचारले.

"समुद्रात हाल होऊन आलेला असतो, वहिनी. उपाशी माणसाला पत्ता विचारू नये. तो चुकीचा सांगतो."

ही रीत त्यांनी एर्लांगेनला जशीच्या तशी लागू केली, आणि एकदा तिचा व्हायचा तो परिणाम झाला. फलाटावर उतरलेल्या एका गोंधळलेल्या तरुणाला त्यांनी "या, या" म्हणून मराठीत हाक मारली, त्याची बॅग घेतली आणि चालू लागले. घरी नेऊन त्याला वरणभात, बांगडा आणि ताक असे पोटभर जेवू घातले. मग रीतीप्रमाणे विचारले, "कुणाकडे आलात?"

"मला बांबेर्गला जायचं होतं, काका," तो म्हणाला. "गाडी बरोबर आहे का, एवढंच विचारायला उतरलो होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बॅग घेतलीत. मला वाटलं, युनिव्हर्सिटीनं माणूस पाठवलाय."

ज्याला घ्यायला बेटकर गेले होते, तो मुलगा दरम्यान टॅक्सीने आपल्या वसतिगृहात पोहोचून झोपीही गेला होता. बेटकरांनी बांबेर्गवाल्याला पुढच्या गाडीत बसवले, सोबत डबा दिला. ही हकिगत आमच्या दिवाळीच्या जेवणात दर वर्षी सांगितली जाई, आणि ती सांगायला बांबेर्गहून तोच मुलगा येत असे.

त्यांच्या विनोदावरून त्यांच्याविषयी हलके मत करून घेऊ नये. त्सुनामीची मोठी लाट आली तेव्हा ते शिक्षणासाठी पुण्यात होते. त्या लाटेत गावाचा सखल भाग गेला, आई गेली, धक्काही गेला. ज्यांना परत जायचे होते ते मुख्य भूमीवर गेले. वडील राहिले. उंचावर पत्र्याच्या निवाऱ्यात राहून त्यांनी पुन्हा नारळ लावले. नवा धक्का तयार होईपर्यंत गावकरी छातीभर पाण्यात उभे राहून होडीतून माणसे उतरवून घेत.  हे सांगताना बेटकरांची मान ताठ होई.

गेल्या वर्षी पंजाबी चाचींचा फोन आला. वडील धक्क्याच्या पायरीवर पडले होते. हाड मोडले नव्हते, पण यापुढे एकट्याने राहणे शक्य नव्हते. बेटकरांनी लग्न केलेले नव्हते. त्यांच्या मागेपुढे वडील तेवढे होते. त्यांनी वडिलांना एर्लांगेनला आणायचे ठरवले. खोली रंगवली, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. इतके झाल्यावर वडिलांना विचारले. क्रम चुकला होता.

"येत नाहीत," ते दुसऱ्या दिवशी मला म्हणाले. "म्हणतात, जहाजाच्या दिवशी धक्क्यावर कोण उभं राहणार?"

"चाची आहेत, इतर लोक आहेत."

"मीही तेच म्हटलं. म्हणाले, त्यांनी त्यांचा माणूस घ्यायचा, मी माझा."

असा आठवडा गेला. मग साहेबांनी त्यांना सहा महिन्यांची बिनपगारी सुट्टी देऊ केली. बेटकरांनी आभार मानले आणि राजीनामा दिला. माझे यजमान त्यांच्यावर चिडलेच.

"अहो, कायमची नोकरी आहे तुमची. तिकडे जाऊन करणार काय?"

"दुरुस्ती. गावात पंप आहेत, होड्यांची इंजिनं आहेत, जनरेटर आहे. मेकॅनिक जहाजानं येतो, तोवर सगळं बंद."

"आणि सहा महिन्यांनी परत आलात तर?"

"सहा महिने म्हणजे बाबा कधी जातात याची वाट बघत बसायचं. ते मला जमणार नाही, जी."

यावर माझ्या यजमानांनी त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली, एवढेच.

निघण्याच्या दिवशी निरोप द्यायला येऊ, असे आम्ही सर्वांनी कळवले. बेटकरांनी स्पष्ट नकार दिला. "आमच्याकडे आणायला जातात, सोडायला नाही. जाणारा आपला आपण चढतो." म्हणून कोणी गेले नाही. त्यांनी उतरवून घेतलेली मुले आता इथल्या कंपन्यांत, प्रयोगशाळांत स्थिरावली आहेत. त्या सकाळी ती सारी आपापल्या कामावर होती, आणि गाडी वेळेवर सुटली.

मागच्या रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. गावात टेकडीवरच्या एका जागीच नेट मिळते. त्यांनी फोन फिरवून मला शाळा दाखवली, पाण्याची टाकी दाखवली, दुरुस्त केलेला जनरेटर दोन वेळा दाखवला. "पांढरं घर दिसतंय ना, ते चाचींचं." मग फोन वडिलांसमोर धरला. त्या उकाड्यातही म्हातारे गृहस्थ बंद गळ्याचा कोट घालून, खुर्चीत सरळ बसले होते. त्यांना टेकडीवर कसे आणले, हे मी विचारले नाही.

"नमस्कार, बाई," ते म्हणाले. "तुमच्या त्या गावात उंबरे किती?"

"उंबरे नक्की सांगता येणार नाहीत, काका. माणसं लाखाच्या वर असतील."

 ते फोन धरणाऱ्या मुलाकडे वर पाहून म्हणाले, "एवढ्यांना तू एकटा उतरवून घेत होतास?"

 बेटकरांनी फोन धक्क्याच्या दिशेने फिरवला, आणि पडद्यावर धक्का व त्यापुढे नुसता समुद्र दिसत राहिला.