पिनांगच्या गल्लीत ‘वरचं’

किस्से म्हणजे केळीची पिलं. एक उपटलं की शेजारी दोन उभी! मलेशियाहून आल्यापासून आमच्या होळी नावाच्या बाजारात रोज कुणीतरी विचारतं, ‘बाबा, तिकडचं सांगा ना.’

माझी नात शलाका पिनांगला नोकरी करते. तिने बोलावलं, तसे मी बाजारातले दोन शेजारी सोबत नेले. भाजीवाला भास्कर आणि केळीवाला पास्कू. खरं तर सगळा खटाटोप पास्कूसाठी. बायको गेल्यापासून तो नुसत्या पेजेवर होता. ‘चवच नाय रे,’ म्हणायचा. सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा.

शलाका म्हणाली, ‘आणा त्यांना. संध्याकाळी खाऊगल्ल्या फिरवते.’

*

पहिली गाडी चिनी माणसाची. कढईतून जाळ वर येतोय, त्यात नूडल्स उडतायत. भास्कर ओरडला, ‘शलाका, त्याला सांग, जाळ कमी कर, करपतंय!’

मग स्वतः दोन प्लेट खाल्ल्या. पास्कू एवढंच म्हणाला, ‘वास बरा हाय.’ तेवढ्यावरही आम्ही खूश!

*

पुढे एका स्टॉलवर टोपलीतला पुदिना कोमेजलेला. जन्मभर पालेभाजी विकलेला हात कुठला राहतो! मी बादलीतलं पाणी घेतलं आणि शिंपडत बसलो. एका गोऱ्या बाईने जुडी उचलून भुवया उडवल्या.

मी भावसुद्धा सांगितला!

शलाकाने दंडाला धरून ओढलं.

*

आमच्या बाजारात माप झालं की दोन मिरच्या, कोथिंबिरीची काडी जास्तीची घालायचीच. त्याला आम्ही ‘वरचं’ म्हणतो. भास्करने तमिळ माणसाकडून डाळवडे घेतले, पैसे दिले आणि हात पसरून तिथेच उभा! मागे ही लाईन.

‘भास्करआजोबा, चला ना!’

‘वरचं घेतल्याबिगर? काय येडा हाय का मी?’

शलाकाने लाजत समजावलं. तो माणूस हसला, एक वडा जास्त ठेवला. भास्करने तो झेंड्यासारखा उंच धरला. वळून बघतो, तर लाईनमधल्या मागच्यानेही हात पसरलेला!

*

मग बर्फ, नारळाचं दूध आणि त्यात हिरव्या शेवया. पास्कूने वाटी बाजूला सारली.

भास्कर म्हणाला, ‘पास्कू, तुझ्यापरीस माझा बैल बरा. पेंढा बदलला तरी खातो!’

पास्कू हसला. कितीतरी महिन्यांनी.

*

शेवटची गाडी एका मलय बाईची. निखाऱ्यावर केळीच्या पानात गुंडाळलेली मासळी. पास्कू चालता चालता थबकला.

‘पान भाजतंय,’ म्हणाला. ‘आमच्या घरी असाच वास यायचा.’

स्वतःच स्टूल ओढून बसला. पान उलगडलं. आम्ही तिघं मुद्दाम रस्त्याकडे बघत राहिलो.

बऱ्याच वेळाने शलाकाने मला कोपराने ढोसलं. पान चाटूनपुसून लख्ख.

पास्कू उठला. ते पान दोन्ही तळव्यांवर धरून गाडीपाशी गेला.

‘गे बाय,’ म्हणाला, ‘वरचं घाल!’