छत्रीवालीची कुस्ती निकालीच होती

आमच्या घरात सध्या माझ्या आठवणी तपासायची टूम निघाली आहे. परवा भाचा मोबाईलमध्ये कुठलंसं यूट्यूब बघून आला आणि म्हणाला, "मावशी, तू ज्याचं एवढं कौतुक सांगतेस ना, तो मारामारीचा गेम अगदीच भंगार होता. दोन कंपन्यांची पात्रं एका पडद्यावर कोंबली, आणि तोल कशाचा कशाला नाही."

"नव्हता," मी म्हटलं. "मग?"

तोल नव्हता, मान्य. काही गडी इतके जबर होते की बाकीचे नुसते शोभेला. गोष्ट म्हणावी तर शून्य. हे लोक एकमेकांना का मारतायत, हे शेवटपर्यंत कळत नसे. मोठा डाव टाकला की पडदाभर असा लखलखाट व्हायचा की आपण मारतोय की मार खातोय, ते उजेड विझल्यावर कळायचं. कळलं तोवर बहुधा मार खाल्लेला असायचा, निदान मी तरी. हे सगळं कबूल करूनही मी म्हणते, तसा खेळ पुन्हा झाला नाही. का, ते सांगते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला मी कोरेगावहून सांगलीला कॉलेजला आले आणि विश्रामबागेत मामाकडे राहिले. गल्लीच्या तोंडाला एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. ते चालवणारे काका मूळचे आष्ट्याचे, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. मिशा पल्लेदार, आवाज परेडचा. दुकानात गोंगाट झाला की ओरडायचे, "लाईन मधी! नायतर मशीन बंद करीन!" आणि खरंच वायरीकडे हात न्यायचे.

माझा मामेभाऊ त्या दुकानाचा बिनविरोध पैलवान. दुपारच्या जेवणाला तो हमखास गायब, आणि त्याला बोलावून आणायचं काम मामीनं माझ्यावर टाकलेलं. मी जायची, "मामी बोलावतेय" म्हणायची आणि तिथंच उभी राहून बघायची. भात घरी गार व्हायचा. मामीला वाटायचं पोरगा ऐकत नाही. पोरगा ऐकत नव्हता हे खरंच, पण भाची तरी कुठं घाई करत होती?

आता दुकानातली रीत. आमच्याकडं दोन माणसं समोरासमोर भिडली की लोकांना तालीमच दिसते. त्यामुळं जपानात बनलेल्या त्या मशीनला सांगलीत आल्यावर आखाड्याचे नियम लागले होते. खेळायला बसण्याआधी मशीनच्या फळीला हात लावून तो कपाळाला लावायचा. समोरच्याच्या हाताला हात लावून सलामी द्यायची. जोड तोलामोलाची पाहिजे, म्हणजे त्यानं धिप्पाड गडी घेतला तर तुम्हीही धिप्पाडच घ्यायचा. जिंकला तो बसला, हरला तो उठला. आणि पंच अर्थात हवालदारकाका.

आणखी एक नियम होता, पण तो बोलून दाखवायची कुणाला गरज वाटली नव्हती. पोरींनी बघायचं.

एका रविवारी मी तो बोलायला लावला. भाऊ एकामागून एक सगळ्यांना उठवत होता. रांग संपली तसा तो मागं बघून म्हणाला, "चल तायडे, भात वाढ म्हणावं, आलोच."

"मी खेळते," मी म्हटलं.

"तू? बटणं दाबायची असतात तायडे, कुकरची शिट्टी मोजायची न्हाई."

दुकान हसलं. मीही हसले, कारण कुकरच्या शिट्ट्या मला तेव्हाही मोजता येत नव्हत्या. पण स्टुलावर बसले. काका काउंटरमागून आले. "आवं बाईसाहेब, हे काय?"

"काका, रांगेत कोण न्हाई. मग माझाच नंबर की."

काकांनी रांगेकडं पाहिलं. खरंच कुणी नव्हतं. फौजी माणूस, रांगेपुढं इलाज चालेना. भाऊ म्हणाला, "बसू दे काका. पण एक. हरली तर इथून पुढं फकस्त निरोप द्यायला यायचं, आणि तोही दारातनं."

"आणि जिंकले तर सगळ्यांसारखी रांगेत उभी राहणार," मी म्हटलं. "दर रविवारी."

"राहा की! फेटा बांधून राहा!"

मी फळीला हात लावला, कपाळाला लावला. त्या खेळात प्रत्येकानं दोन-दोन गडी घ्यायचे, एक पडला की दुसरा उतरायचा. भावानं त्याचे निवडले. त्यातला मुख्य होता तो, ज्याला दुकानात सगळे 'रेडा' म्हणत. अर्धा पडदा त्याचाच. त्यानं एकदा मिठीत आवळलं की विषय संपला. मी एका गड्याच्या जोडीला निवडली छत्रीवाली. दुसऱ्याच कंपनीच्या खेळातून आलेली, हाताएवढी पोरगी. तिचा मार हलका, पण छत्री लांब आणि उडी उंच.

"काका, जोड बसत न्हाई!" मागून कुणीतरी ओरडलं. "कुठं रेडा, कुठं ही चिमणी!"

काका माझ्याकडं वळले. "बाई, दुसरा गडी घ्या. लोक म्हणतील पोरीला मारलं."

"मशीन बसवतंय की जोड," मी म्हटलं. "तुमी कशाला आडवं पडताय?"

त्या खेळाची ताकद नेमकी इथं होती, आणि दोषही तोच, हे भाच्याला कसं सांगू? दोन वेगळ्या घरची माणसं, दोघांचे कायदे वेगळे, मापं वेगळी, आणि तरी एका मैदानात सोडलेली. तोल साधायचा म्हटला असता तर रेड्यासमोर रेडाच आला असता आणि छत्रीवाली घरी निरोप देत बसली असती.

कुस्ती लागली. दोघांचे बाकीचे गडी पटापट पडले. माझा आधी पडला, हे मुद्दाम सांगते, नाहीतर भाऊ सांगेल. उरले रेडा आणि छत्रीवाली. मी एकच धोरण धरलं. त्याच्या हाताला लागायचं नाही. उडी, छत्रीचा टोला, मागं. पुन्हा उडी, टोला, मागं. प्रत्येक टोल्याला त्याच्या ताकदीची पट्टी केसभर कमी व्हायची.

"भिडा की ओ!"

"पळती बघ, पळती बघ!"

"तायडे, खाली ये की लेका!" भाऊ मशीनचा दांडा हिसडत ओरडला.

"तू वर ये," मी म्हटलं.

पण हे लांबत चाललं. आमच्याकडं लोकांना निकाली कुस्ती लागते. नुसती झुलणारी जोड फार वेळ बघवत नाही, आणि अशा वेळी पंच काय करतो हे आखाडा पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. हवालदारकाकांनाही होतं. ते आले, मागून माझं मनगट धरलं, भावाचं मनगट धरलं, दोघांचे हात छताकडं उचलले आणि परेडच्या आवाजात म्हणाले, "बरोबरीत सोडवली!"

टाळ्या पडल्या. भाऊ हसला. आमचे हात वर, आणि खाली मशीनला यातलं काहीच माहीत नाही. रेडा उभा, छत्रीवाली उभी, वरचं घड्याळ चाललेलं. ते शून्यावर आलं. केसभर पट्टी माझी जास्त होती. मशीन इंग्रजीत काहीतरी गरजलं आणि छत्रीवाली छत्री उघडून गरागरा फिरायला लागली.

सगळ्यांनी काकांकडं पाहिलं.

"म्या हात वर केलं तवाच कुस्ती सुटली," काका म्हणाले. "आता दोघं बी उठा. दुसरी जोड येऊ द्या."

"काका, हात तुमी आमचे वर केले," मी म्हटलं. "छत्रीवालीचे कुठं केले?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. काका मिशीवरून हात फिरवत पडद्याकडं बघत राहिले. ती अजून फिरतच होती.

"उठ तायडे," भाऊ म्हणाला. "वेळ संपली म्हणून कुणी जिंकतं व्हय? चितपट कुठं झालं?"

"हरला तो उठतो. तू ऊठ."

हो, वेळेवर जिंकले. पळून पळून जिंकले. त्या खेळातला सगळ्यात मोठा दोष तोच, की टीचभर पुढं जाऊन नुसतं पळत राहिलं तरी चालायचं. भाच्याच्या यूट्यूबवाल्यानंही तेच म्हटलंय म्हणे. म्हणू दे. तो दोष मी केला नव्हता, मला तयार मिळाला होता. आणि त्या दुकानात सगळ्याच गोष्टी दुसऱ्यांच्या सोयीच्या असताना ही एक माझ्या सोयीची निघाली, तर ती मी काय परत करणार होते?

दांडा मुठीत धरून बसून राहिले. भाऊही उठेना. काकांचा हात एकदा वायरीकडं गेला आणि परत आला.

मला न्याय मिळाला असं सांगायला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. एवढ्या वेळात दारातून एक तालमीतला गडी आत आला होता, मान खांद्यात रुतलेली, भलताच घाईत. त्याला आमच्या भानगडीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं पडद्याकडं पाहिलं, कोणाची बाजू नाचतेय ते बघितलं आणि माझ्या भावाच्या पाठीवर थाप मारली.

"ऊठ रं गड्या. हरलायस न्हवं? मला खेळायचंय."

भाऊ उठला. काकाही पडद्याकडं वळले. पुढची जोड लागली होती आणि पंचाला ती बघायची होती. त्या गड्यानं फळीला हात लावला, माझ्या हाताला ओझरता हात लावून सलामी दिली आणि छत्रीवालीला एवढ्या झटपट लोळवलं की मला दांडा नीट धरायलाही सवड मिळाली नाही. मी उठले. हरला तो उठला.

भाऊ दारात थांबला होता. "चल, भात," तो म्हणाला.

"तू हो पुढं," मी म्हटलं, "मामीला सांग, येतेय." आणि रांगेच्या शेवटाला जाऊन उभी राहिले. तोवर तिथं चार टाळकी जमली होती. माझ्या पुढच्यानं मागं वळून मला खालून वर पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "ओ ताई, माझा नंबर आदी हाय. मधी घुसायचं न्हाई, सांगून ठेवतो."